गुप्ततेची शपथ : मुंबईच्या ग्रँड ज्युरीची हकिकत

केंद्र सरकारच्या कचेरीत काही वर्षे काढलेल्या माणसाला ‘गोपनीय’ या शब्दाचा फारसा वचक वाटेनासा होतो. फाइलीवर तांबडी चिठ्ठी असते, लखोट्याच्या आत दुसरा लखोटा असतो, त्यावर लाख असते. आणि तरीही आतला मजकूर दुपारच्या कॉफीपर्यंत निम्म्या विभागास ठाऊक झालेला असतो. आम्ही बंगळुरास बदलून आलो त्यास आता सहा वर्षे होतील. या अवधीत आमच्या डोळ्यांदेखत एक प्रकरण घडले. त्याने गुप्ततेविषयी काही प्रश्न मनात उभे केले, आणि त्यांचा माग काढीत आम्ही दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत जाऊन पोचलो. ते प्रकरण शेवटी सांगू. आधी मुंबई.

पण मुंबईस जाण्यापूर्वी वाचकांनी आमच्याबरोबर कब्बन उद्यानाच्या कडेला घटकाभर थांबावे. तेथे विधानसौधासमोर तांबड्या रंगाची एक लांबलचक इमारत आहे. १८६८ साली ती पुरी झाली तेव्हा म्हैसूर सरकारची अठरा खाती तेथे बसत, म्हणून लोक तिला अठारा कचेरी म्हणू लागले. कानडी मुलखात हे नाव ऐकून आपल्यासारख्या परगावी पडलेल्या मराठी माणसास थोडे घरी आल्यासारखे वाटते. आणि त्यात नवल नाही, कारण शहाजी राजांची जहागीर येथे १६३८ पासून होती, आणि पुढे पूर्णय्या दिवाणांच्या काळापर्यंत येथल्या हिशेबाच्या दफ्तरात कानडीच्या जोडीने मराठीही चालत असे. आज त्या इमारतीत कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. न्याय उघड्यावर व्हावा, ज्याला वाटेल त्याने मागच्या बाकावर बसून तो पाहावा, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरून चाललो आहोत की, इंग्रजांनी न्यायाचे आपले यंत्र मुंबईस आणले तेव्हा त्याचा पहिलाच दरवाजा आतून कडी लावलेला होता, हे आपल्या ध्यानातही येत नाही. त्या दरवाजाचे नाव ग्रँड ज्युरी.

नाणावटी खटल्यामुळे ज्युरी म्हणजे काय हे मराठी वाचकास ठाऊक आहे. १९५९ साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात नऊ ज्युररांपैकी आठांनी नाणावटींना निर्दोष म्हटले, न्यायाधीशांना ते पटले नाही, आणि प्रकरण वर गेले. पण ती साधी ज्युरी होती. खटला ऐकून दोषी की निर्दोष एवढे सांगणारी. ग्रँड ज्युरी हे त्याच्या अगोदरचे प्रकरण. ती खटला ऐकतच नसे. अमुक इसमावर खटला भरण्यास सकृद्दर्शनी आधार आहे की नाही, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न. तीत तेवीसपर्यंत माणसे असत. त्यांपैकी निदान बारा जणांचे एकमत झाले की आरोपाच्या मसुद्याच्या पाठीवर ‘ट्रू बिल’ असा शेरा पडे. न झाले तर बिल फेटाळले जाई. ऐकावयाचे ते फक्त फिर्यादीचे साक्षीदार. आरोपी तेथे नाही, त्याचा वकील नाही, न्यायाधीशही नाहीत. दार बंद. आणि आत बसणाऱ्या प्रत्येकाने शपथ घेतलेली, की राजाचे, सहकाऱ्यांचे आणि स्वतःचे बोलणे आपण गुप्त ठेवू. द्वेषापोटी कोणावर बालंट आणणार नाही आणि भीतीपोटी कोणास मोकळे सोडणार नाही.

या संस्थेचे मूळ इंग्लंडात दुसऱ्या हेन्री राजाच्या ११६६ सालच्या क्लॅरेंडनच्या फर्मानात दाखवितात. गावोगावच्या बारा-बारा भल्या माणसांनी आपल्या टापूतील गुन्हेगारांची नावे राजाच्या न्यायाधीशांस कळवावी, असा तो हुकूम. म्हणजे प्रारंभी ही मंडळी राजाचे कान होती. कान असतील तर गुप्तताही राजाच्याच सोयीची, हे ओघाने आले. जो बातमी फोडील तो राजाचा अपराधी. पण पाच शतकांनी या गुप्ततेची धार उलटी फिरली. १६८१ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने आपला विरोधक अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी याच्यावर राजद्रोहाचा आरोप आणला. लंडनच्या ग्रँड ज्युरीने साक्षीदारांची खाजगीत तपासणी करण्याची परवानगी मागितली. मुख्य न्यायाधीश पेंबर्टन यांनी ती नाकारली आणि साक्षी भर कोर्टात घेण्यास भाग पाडले. हेतू उघड होता : कोण काय विचारतो हे राजाच्या माणसांना दिसावे. ज्युरीने राजाच्या डोळ्यांदेखत साक्षी ऐकल्या आणि बिल फेटाळून लावले. त्याच वर्षी लंडनच्या ग्रँड ज्युरीने स्टीफन कॉलेज नावाच्या सुतारावरील बिलही असेच फेटाळले होते. पण सरकारने तोच खटला ऑक्सफर्डला नेऊन नव्या ज्युरीपुढे भरला आणि त्यास फाशी दिली. तेव्हापासून बंद दार हे राजाचे नव्हे, तर प्रजेचे संरक्षण आहे, असे इंग्लंडात मानले जाऊ लागले.

सत्ताधीशच संशयित असला म्हणजे चौकशी उघडपणे करणे किती अवघड, हे आपल्या इतिहासातही आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. दुसऱ्या दिवसापासून कारभाराची सूत्रे ज्याच्या हाती आली त्याच्याकडेच संशयाचे बोट जात होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्या दिवसांत डांगोरा पिटला नाही. कित्येक आठवडे मुकाट्याने पुरावा गोळा केला, आणि तो हाती आल्यावरच राघोबादादांच्या तोंडावर आपला निकाल सांगितला. शास्त्रीबुवांचे करारी उत्तर सर्वांना पाठ असते. त्याआधीचे ते मौनाचे आठवडे मात्र कोणी आठवीत नाही. आम्हांस तर त्या मौनाचेच अधिक कौतुक वाटते.

मुंबईत ज्युरी आली ती जेरल्ड ऑंजियरच्या अमदानीत. १६७२ च्या ऑगस्टात जॉर्ज विल्कॉक्स याच्या न्यायासनाची त्याने समारंभपूर्वक स्थापना केली. १७२६ च्या सनदेने मेयर्स कोर्ट आले. गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिलदार फौजदारी सेशन्स भरवू लागले आणि ग्रँड ज्युरी तेथे रीतसर बसू लागली. १७९८ साली रेकॉर्डर्स कोर्ट, आणि १८२३ च्या सनदेअन्वये १८२४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्ट. ही न्यायालये कोटातील अपोलो स्ट्रीटवरच्या हॉर्नबी हाऊसमध्ये भरत. पुढे त्याच इमारतीत ग्रेट वेस्टर्न हॉटेल झाले. शेरीफाने यादी करावयाची, व्यापारी आणि अधिकारी यांना समन्स धाडावयाचे, त्यांनी शपथ घ्यावयाची, मग न्यायाधीशांनी त्यांना उद्देशून भाषण करावयाचे. या भाषणास ‘चार्ज’ म्हणत. ते खुल्या कोर्टात होई. त्यानंतर मंडळी आपल्या खोलीत जात आणि दार लागे.

म्हणून मुंबईच्या ग्रँड ज्युरीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची मोठी पंचाईत होते. न्यायाधीश काय म्हणाले ते छापलेले आहे. ज्युरर आपसांत काय म्हणाले त्याचा एक शब्द नाही. सर जेम्स मॅकिंटॉश १८०४ पासून १८११ पर्यंत मुंबईचे रेकॉर्डर होते. जुलै १८११ मध्ये निरोप घेताना त्यांनी ग्रँड ज्युरीपुढे जे भाषण केले ते प्रसिद्ध आहे. दोन लाख माणसांच्या या बेटावर सात वर्षे एकही फाशी न देता राज्य चालले आणि गुन्हे काही वाढले नाहीत, असे त्यांनी हिशेबानिशी सांगितले. मृत्युदंडावरचा वाद आजही चालू आहे, त्यात हे जुने भाषण कोणी तरी पुन्हा वाचावे असे आहे. पण ते ऐकून ज्युररांनी माना डोलावल्या की नाके मुरडली, हे कळावयास मार्ग नाही. उरतात ती फक्त बिले. पाठीवर तपासलेल्या साक्षीदारांची नावे, एका ओळीचा शेरा आणि फोरमनची सही. कारकुनाच्या दृष्टीने पाहिले तर इतकी आटोपशीर नोंद आम्ही दुसरी पाहिली नाही. कारणे नाहीत, मतभेद नाही, टिपणी नाही.

हेच काम आपल्याकडे कसे चालत असे ते पाहिले म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ ज्यांनी चाळला असेल त्यांस गोतसभेचे महजर ठाऊक असतील. महजराच्या माथ्यावर हाजिर मजालसीची यादी : देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदारसुद्धा. वादी-प्रतिवादींकडून आधी राजीनामा, म्हणजे गोताचा निवाडा मान्य करू अशी लेखी कबुली. मग तकरीरी, साक्षी, जुने कागद. शेवटी ज्याला लिहिता येते त्याची सही, आणि ज्याला येत नाही त्याची निशाणी. कुणब्याचा नांगर, दुसऱ्या कोणाचे आपल्या धंद्याचे हत्यार. हरणाऱ्याने यजितखत लिहून द्यावयाचे, जिंकणाऱ्याने हरकी भरावयाची. साक्षीदार बेलभंडार उचलून शपथ घेई, ती चारचौघांत खरे बोलण्याची. तिकडे हॉर्नबी हाऊसमधील सद्गृहस्थ बायबलावर हात ठेवून शपथ घेत, ती न बोलण्याची.

म्हणून गोतसभाच बरी, असे आम्ही म्हणणार नाही. सगळ्या गावासमोर पाटलाविरुद्ध साक्ष देण्याचे धैर्य किती जणांना झाले असेल? आपली माणसे निकाल फिरवितील या भयाने पक्षकार दुसरे थळ मागत, परमुलखातील सभेपुढे जाऊ म्हणत. उघडेपणाचाही एक जाच असतो, आणि तो नेहमी दुबळ्याच्या वाट्याला येतो.

पण बंद दाराआड कोण बसतो, हा खरा प्रश्न. मुंबईत तो फार झोंबणारा होता. १८२६ च्या ज्युरी कायद्याने एतद्देशीयांना साध्या ज्युरीत बसण्याची मुभा मिळाली. परंतु ग्रँड ज्युरीत फक्त ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती आरोपीचा खटला असेल तर साध्या ज्युरीतही फक्त ख्रिस्ती, अशी अट त्यात होती. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. एखाद्या गोऱ्या साहेबाने आपल्या हमालास मारहाण केली आणि तो हमाल मेला, तर खटला भरावयाचा की नाही हे साहेबाच्याच बिरादरीतली तेवीस माणसे ठरविणार. बंद दाराआड ठरविणार. कारण सांगणार नाहीत. आणि न सांगण्याची त्यांनी शपथच घेतलेली. शाफ्ट्सबरीला जी ढाल होती तीच येथे तलवार झाली.

या अपमानाची जाणीव इकडच्या लोकांस ताबडतोब झाली. कलकत्त्यास राममोहन रॉय यांनी या कायद्याविरुद्ध आवाज उठविला. तेथील हिंदू-मुसलमानांनी मिळून पार्लमेंटकडे अर्ज केला. मुंबईकरांनीही तीच मागणी लावून धरली. मुंबईच्या या खटपटीत आपले नाना, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, पुढे होते. कंपनीच्या डायरेक्टरांनी विरोध केला तरी चार्ल्स ग्रँट यांच्या पुरस्काराने १८३२ साली नवा कायदा झाला. ग्रँड ज्युरीचे दार सर्व धर्मांच्या लोकांस उघडले, आणि जस्टिस ऑफ दि पीस होण्याचाही मार्ग मोकळा झाला. त्या दशकात नाना, जमशेटजी जीजीभाई, फ्रामजी कावसजी ही मंडळी जस्टिस झाली. शाळा, रुग्णालये, आगगाडी या गोष्टींसाठी नानांची आठवण काढली जाते, ती योग्यच. पण बंद खोलीत आपल्या माणसाला एक खुर्ची मिळवून देणे ही गोष्ट आम्हांस त्याहून लहान वाटत नाही. आत काय बोलतात हे कळू शकणार नसेल, तर आत आपलेही कोणी असले पाहिजे.

आता शपथेचा प्रश्न आला. हिंदू गृहस्थाने शपथ कशावर घ्यावी? गंगाजलावर की तुळशीवर? धर्मभीरू माणसास कोर्टात असे काही हाती घेणे म्हणजे कुळाला बट्टा वाटे. अखेर १८४० च्या पाचव्या कायद्याने हिंदू आणि मुसलमान यांना शपथेऐवजी सत्यप्रतिज्ञेची सवलत मिळाली. बेलभंडाराची जागा एका वाक्याने घेतली. सरकारी नोकरीत रुजू होताना आपण सगळे जे वाक्य उच्चारून मोकळे होतो, त्याची आजी ती हीच असावी.

गुप्तता नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण मुंबईने १८६१ मध्ये पाहिले. करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाशा’त १८६० च्या ऑक्टोबरात वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. साक्षी उघड्या कोर्टात होणार हे ठरलेले. तेव्हा भाटिया जातीतील पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरविले, की महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्यास वाळीत टाकावे. करसनदासांनी हा साक्षीदारांना दाबण्याचा कट म्हणून उलट फौजदारी खटला केला. सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे तो चालला आणि पुढारी दोषी ठरून त्यांस दंड झाला. मूळ दावा १८६२ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड भर कोर्टात उभे राहिले आणि महाराजांच्या रोगाविषयी वैद्य म्हणून जे माहीत होते ते त्यांनी सांगितले. भाऊ दाजींना वाळीत टाकण्याची धमकी लागू पडणारी नव्हती, त्यांची प्रतिष्ठा मोठी, जातही निराळी. पण बाजारात मालाची दलाली करणाऱ्या साध्या भाटियाचे काय? जातीच्या सभेत त्याचे नाव आधीच पोचलेले. ग्रँड ज्युरीच्या समर्थकांस गुप्ततेची जी कारणे पाठ होती त्यांपैकी हे एक : साक्षीदाराने मोकळेपणे बोलावे. बाकीची म्हणजे आरोपीने सुगावा लागून पळू नये, ज्युररांवर दडपण येऊ नये, आणि ज्याच्यावरचे बिल फेटाळले गेले त्या निरपराधाच्या नावाचा बभ्रा होऊ नये.

इतकी सगळी कारणे असूनही ही संस्था टिकली नाही, आणि तिच्या मृत्यूचे कारण गुप्ततेशीच निगडित आहे. मुंबईत आरोपी ग्रँड ज्युरीपुढे येण्याअगोदर मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिलेला असे. साक्षी एकदा झालेल्या, शहराला ठाऊक झालेल्या. मग तेवीस व्यापाऱ्यांना दुकाने सोडून त्याच साक्षी कानांत बोटे घालून पुन्हा ऐकावयास लावण्यात हशील काय? गुप्त ठेवावयाचे ते कोणापासून? इंग्लंडात बेंथॅमने या संस्थेवर कठोर टीका केली होतीच. १८६२ साली सुप्रीम कोर्ट जाऊन हायकोर्ट आले, आणि १८६५ च्या तेराव्या कायद्याने तिन्ही इलाखा शहरांतील ग्रँड ज्युरी रद्द झाली. आरोपपत्र तयार करणे हे क्लार्क ऑफ द क्राउनचे काम झाले. तेवीस सद्गृहस्थांची जागा एका कारकुनाने घेतली, हे नमूद करताना आम्हांस थोडा व्यावसायिक अभिमान वाटतो. खुद्द इंग्लंडला ती जवळजवळ मोडीत काढावयास १९३३ साल उजाडले. साधी ज्युरी आपल्याकडे आणखी शंभर वर्षे रेंगाळली आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागा उरली नाही.

अमेरिकेत मात्र ग्रँड ज्युरी घटनेतच बसलेली आहे. तेथील संघीय न्यायालयांच्या नियमांत ज्युरर, दुभाषी, लघुलेखक आणि सरकारी वकील या सर्वांना मौनाचे बंधन आहे, साक्षीदाराला नाही. तो बाहेर येऊन आपण काय सांगितले ते हवे तर चौकात उभा राहून सांगू शकतो. फ्लॉरिडा राज्याने साक्षीदाराचेही तोंड कायमचे बांधू पाहिले, तेव्हा १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. आपल्याकडे ग्रँड ज्युरी नाही, पण बंद खोली गेली असे नाही. पोलिसांच्या तपासाची दैनंदिनी आरोपीस मागता येत नाही. जुन्या संहितेचे १७२ वे कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९२ वे झाले, इतकेच. उलट २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की नाजूक प्रकरणे वगळून पहिली खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावी. म्हणजे आरोप लगेच उघड आणि तपास झाकलेला. मुंबईच्या जुन्या रीतीच्या बरोबर उलट.

आणि येथे आम्हांस सुरुवातीस म्हटलेले प्रकरण सांगावयाचे आहे. कचेरीचे नाव सांगत नाही. अशा कचेऱ्या पुष्कळ आहेत. आमचे एक ज्येष्ठ स्नेही, वऱ्हाडातले, खरेदीच्या शाखेत होते. एका निविदेबद्दल त्यांच्याविरुद्ध निनावी अर्ज आला. नियमाप्रमाणे प्राथमिक चौकशी सुरू झाली. प्राथमिक चौकशी म्हणजे आमच्या जगातील ग्रँड ज्युरीच. आरोपपत्र द्यावे की नाही एवढे पाहणारी, आणि गोपनीय. पंधरा दिवसांत तिची बातमी चहावाल्यापर्यंत गेली. कोणी काही बोलले नाही; फक्त त्यांच्या टेबलाशी कोणी थांबेनासे झाले. त्या वर्षी त्यांच्या मुलीचे ठरत आलेले लग्न लांबले, ते कशामुळे हे त्यांनी आम्हांस सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

वीस महिन्यांनी चौकशी मिटली. अर्जात तथ्य नव्हते. हॉर्नबी हाऊसमध्ये असे झाले असते तर फेटाळलेले बिल भर कोर्टात वाचले गेले असते, आणि कैद्याची सुटका सर्वांसमोर पुकारली गेली असती. खोलीतले बोलणे गुप्त, पण निकाल नव्हे. आमच्या स्नेह्यांना दोन ओळींचे एक पत्र मिळाले. त्यावर वरच्या कोपऱ्यात ‘गोपनीय’ असा शिक्का होता. आम्ही म्हटले, “साहेब, हे चार लोकांना दाखवा तरी.” त्यांनी चष्मा पुसला, पत्राची घडी घातली आणि म्हणाले, “अहो, नियमाने दाखविता येत नाही. तीस वर्षे नोकरी केली, आता शेवटी शेवटी फोडू म्हणता?” पुढच्या जूनमध्ये ते सेवानिवृत्त होऊन अकोल्यास गेले. निरोपसमारंभास आम्ही अकरा जण होतो.